आमचे साडू आणि गावाचे पाय

कोल्हापुरात इतकी माणसं राहतात, पण त्यांतल्या एकाचाही चेहरा माझ्या साडूंना धड ठाऊक असेल, असं मला वाटत नाही. माणूस त्यांना गुडघ्यापासून खाली तेवढा दिसतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान पेशानं डॉक्टर आहेत, तेही खेळाडूंचे. एखाद्याचं नाव काढलं की ते डोळे मिटून बराच वेळ आठवतात आणि म्हणतात, "कुठला? त्यो टाच घासत चालणारा व्हय?" माझ्या लग्नात पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं शिक्षण, नोकरी, पगार यातलं काही विचारलं नाही. फक्त खाली बघून म्हणाले, "पावणं, तुमचा डावा पाय आळशी हाय." तेव्हापासून बावीस वर्षं मी त्यांच्यासमोर उजवा पाय पुढे टाकून उभा राहतो.

लग्नकार्यात बाकीचे पाहुणे पंगतीची वाट बघतात, तेव्हा साडू कार्यालयाच्या दारात चपलांच्या ढिगापाशी सापडतात. एकेक चप्पल उचलायची, उलटी करायची, तळ कुठून झिजलाय ते बघायचं आणि मान हलवून जागेवर ठेवायची, असा त्यांचा कार्यक्रम. गडमुडशिंगीच्या एका लग्नात वॉचमननं त्यांचं मनगटच धरलं. "चांगल्या घरचं दिसताय की! आनि ह्यो धंदा?" साडूंना त्यात अपमान वगैरे काही वाटला नाही. हातातली चप्पल त्याच्या नाकासमोर धरून ते म्हणाले, "ही कुणाची हाय बघ. त्याला सांग, पाय चोळत बसू नगं, कंबर दाखव." चप्पल निघाली नवरीच्या मामांची. मामा दीड वर्ष पोटरीला तेल चोळत होते आणि दुखणं खरोखरच मणक्यात निघालं. पुढे मामांनी साडूंना एक पोतं गूळ पाठवला. वॉचमनला मात्र अजून संशय आहे.

नवरा-नवरी नमस्काराला वाकली की आशीर्वाद द्यायचं सोडून हेही खाली वाकतात आणि त्यांच्या पावलावरची नाडी चाचपतात. दोनदा डोक्यावर डोकं आपटलं आहे. एका व्हिडिओत तर वयानं मोठा माणूस नवरदेवाच्या पाया पडतोय असं कायमचं चित्रित झालं आहे. माझी मेव्हणी तो भाग आला की चहा ठेवायला उठते.

त्यांच्याकडे येणारे पेशंट सरळ कधीच येत नाहीत. आधी तालमीतल्या वस्तादांचं मालिश होतं, मग गरम विटेचा शेक, मग पट्टा, मग इंजेक्शन, मग कुणाची तरी नजर काढणं, आणि हे सगळं संपलं की कुणीतरी म्हणतं, त्या येड्या डॉक्टरला दाखवा. हा येडा डॉक्टर पेशंटला टेबलावर झोपवतच नाही. "दुखनं घरी ठेवून आलाईस, आता मी काय बघू?" असं म्हणून तो त्याला थेट मैदानावर नेतो, पळायला लावतो आणि स्वतः मागून स्कूटरवर फिरतो. जिथं पाय दुखायला लागेल तिथंच तपासणी. पन्हाळ्याच्या एका पोराच्या नडगीचं दुखणं चार डॉक्टरांना कळलं नव्हतं. साडू त्याच्या मागोमाग गेले तेव्हा दिसलं, की हा बहाद्दर रोज एसटीनं वर जायचा आणि घाट पळत उतरायचा. फक्त उतरायचा! "अरं, कधीतरी चढ की," एवढंच औषध त्यांनी लिहून दिलं.

हे सगळं मी हसत सांगतो, पण कोडोलीची प्रज्ञा आली त्या दिवसापासून मला त्यांची चेष्टा करताना थोडं अवघडायला होतं.

प्रज्ञा आठशे मीटर पळायची. एकोणीस वर्षांची, सडपातळ, बोलायला कमी, आणि बोललीच तर आमच्याकडच्या पोरींसारखी 'आलो-गेलो' करत. दोन वर्षं झाली, पळायला लागलं की तिची पोटरी दगड व्हायची, पाऊल बधिर पडायचं, आणि पाच मिनिटं बसलं की सगळं ठीक. एक्स-रे चांगला, रक्त चांगलं. बसल्यावर बरं होतं म्हणजे दुखणं खोटं, असं आधी तिच्या कोचनं ठरवलं, मग मैत्रिणींनी, आणि शेवटी घरच्यांनी. तिचे वडील दुधाचा टेम्पो चालवायचे. ते साडूंना म्हणाले, "डॉक्टर, आता तुमच्यावर हाय. तुमालाबी काय घावलं न्हाय, तर बूट देऊन टाकतो कुणालातरी. लोकं हसाय लागल्यात." पोरगी खाली मान घालून एवढंच म्हणाली, "मी खोटं बोलत न्हाय."

योगायोगानं मी त्या सकाळी बरोबर होतो. ती पळत होती, साडू स्कूटरवर मागे. तिसऱ्या फेरीला तिचा पाय जड झाला आणि ती लंगडत थांबली. साडूंनी स्कूटर स्टँडवरसुद्धा लावली नाही, तशीच आडवी टाकली आणि मातीत मांडी घालून ते तिचा बूट काढायला लागले. पोरीनं लाजून पाय मागे ओढला. वडील धावत आले. "अवो डॉक्टर, पोरीच्या पायाशी कशाला बसताय? बरं दिसतंय का ते?" साडूंना ऐकूच आलं नाही. एक हात पावलावर, एक घोट्यामागे, डोळे मिटलेले. मग त्यांनी मला हाक मारली. "पावणं, हितं बोट ठेवा. काय लागतंय?" मी बोट ठेवलं. काहीच लागत नव्हतं. "आता थांबा." हळूहळू माझ्या बोटाखाली काहीतरी टकटकू लागलं. "पोरी, गुडघा ताठ कर. पंजा खाली दाब." टकटक थांबली. मला वैद्यकातलं ओ का ठो कळत नाही, पण जिवंत माणसाच्या पायातली नाडी आपल्या बोटाखाली थांबते तेव्हा ती परत येईपर्यंत बोट उचलवत नाही.

पुण्याच्या तपासणीत तेच निघालं. गुडघ्यामागून पायाकडे जाणारी रक्ताची नळी पोटरीच्या स्नायूच्या चिमट्यात सापडत होती. जन्मापासूनची गफलत. बसलं की चिमटा सैल, पळालं की घट्ट. पण साडू पुण्याच्या रिपोर्टासाठी थांबलेच नव्हते. मैदानावरच उठून, पँटची माती झटकत ते वडिलांना म्हणाले होते, "पोरगी खोटं बोलत नव्हती. दोन वर्सं खरं बोलत हुती." प्रज्ञा तोंड झाकून रडली.  वडील गेले, पडलेली स्कूटर उचलली, स्टँडवर लावली आणि बराच वेळ आपल्या शर्टानं पुसत बसले.

ऑपरेशन झालं, आणि सात-आठ महिन्यांनी ती जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरली. साडूंनी मला जवळजवळ ओढूनच नेलं. ती पूर्ण आठशे मीटर पळाली आणि पाचवी आली. रेषा ओलांडली, बाजूला जाऊन गवतावर बसली आणि हमसून रडायला लागली. साडू तिच्याकडे धावत सुटले. या वयात मी त्यांना असं धावताना पाहिलं नव्हतं.

"कुठं दुखतंय? पोटरीत? पाऊल बधिर झालंय?"

"कुठंच न्हाय दुखत, काका," ती हुंदके देत म्हणाली. "हारलो म्हणून रडतोय."

साडू तिच्या शेजारी गवतावर बसले. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मग रड बाई. पोटभर रड."

परत येताना मी म्हटलं, आज तुम्ही खूश असणार.  ते म्हणाले, की नवीन दवाखाना काढला तेव्हा असाच एक फुटबॉल खेळणारा पोरगा आला होता. त्याला टेबलावर झोपवून तपासलं आणि काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत, असं सांगून घरी पाठवलं. त्यानं खेळणं सोडून दिलं. "त्याला काय झालं हुतं, अजून ठावं न्हाय मला," ते म्हणाले. "ही आज हारली तरी, पावणं. त्याला हारायलासुदिक मिळालं न्हाय."

 सिग्नलला थांबलो तेव्हा समोरून माणसं रस्ता ओलांडत होती, आणि साडू नेहमीप्रमाणे खाली, त्यांच्या पायांकडे बघत होते. ते कुणाला शोधतात, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.