पुरुषाची पावलं नाचणारी नेल्डा

आमच्या या समुद्रकाठच्या ओशन ड्राइव्ह गावात राहून ‘मला शॅग, आपला जोडीनं करायचा नाच, येत नाही’ म्हणणारा माणूस एकतर कालपरवा आलेला असतो, नाहीतर खोटारडा. अपवाद एकच, रॉइस हक्स. आणि तो नेमका नेल्डाचा नवरा! जोड्या जुळवताना देवालाही कधीकधी थट्टा सुचते म्हणायची.

नेल्डा हक्स आता पासष्टीची. शाळेची बस चालवली तिनं, एकतीस वर्षं. उंच, रुंद खांद्यांची, आवाज असा की मागच्या बाकावरचं पोर जागच्या जागी गप्प व्हावं. पण रविवारी दुपारी चर्च आटोपून, मासे आणि मक्याचे वडे पोटात ढकलून ती पेलिकन क्लबात शिरली, चामडी तळाचे बूट तिनं चढवले आणि सॅक्सोफोनवर ते ना घाईचं ना रेंगाळणारं बीच म्युझिक लागलं, की बघत राहावं. कमरेवरचं अंग अगदी निवांत. हातातली बिअर हिंदकळायची नाही. सगळी करामत गुडघ्याखाली.

मात्र नेल्डा नाचते ती पुरुषाची पावलं. त्याला कारण तिची थोरली बहीण. बहिणीला नाचाच्या स्पर्धेतला कप हवा होता आणि घरात सराव करायला भाऊ नव्हता. नेल्डा तेव्हा अकरा वर्षांची, पण ताडमाड वाढलेली. मग काय, केली तिला पुरुष! पुरुष डाव्या पायानं निघतो, बाई उजव्या. पुरुष हातानं खुणावतो, बाई ओळखून वळते. फरक एवढासाच, पण अंगात मुरला की मुरला. बहीण कप जिंकली, लग्न करून लांब गेली, आणि नेल्डाच्या पायात पुरुषाची पावलं कायमची राहिली.

क्लबाचं मात्र त्यात भलंच झालं. आमच्याकडे नाचणाऱ्या बायका उदंड आणि पुरुषांचा दुष्काळ. काही बिचारे वर गेले, काहींचे गुडघे गेले. त्यामुळे नेल्डापुढे बायकांची रांग. केस कापणारी मोझेल, तिची जिवाभावाची मैत्रीण, म्हणते, “नेल्डाच्या हातात हात दिला की डोळे मिटून नाचावं. कुठं वळायचं ती चिंता तिची.”

रॉइस कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा. समोर एक बिअर आणि उकडलेल्या शेंगांची पुडी. लिटल रिव्हरच्या धक्क्यावर त्याची कोळंबीची बोट होती, ती दोन वर्षांपूर्वी विकली. एकही रविवार चुकवायचा नाही. पण उठायचा नाही.

उठला होता तो एकदाच, लग्नाच्या वर्षी. चुलतभावाकडून घाईघाईनं चार पावलं शिकून आला आणि सगळ्यांदेखत नेल्डाला मधोमध घेऊन गेला. नेल्डाला दुसऱ्याच्या इशाऱ्यानं चालायची सवय कुठली? तो वळवायच्या आत ही वळली, तो थांबला तर हिनं त्याला ओढलं. कुणीतरी ओरडलं, “अरे हक्स, पोरगी तुला शाळेत सोडायला निघाली की काय!” सगळा क्लब हसला. रॉइसनं तिचा हात सोडला आणि जाऊन स्टुलावर बसला, तो एक्केचाळीस वर्षं.

संसार चांगला झाला हं त्यांचा. भांडणं झाली ती छप्पर गळतं म्हणून नाहीतर कुत्रा सोफ्यावर बसतो म्हणून. पण दरवर्षी लग्नाच्या वाढदिवसाला नेल्डा विचारायची, “आज उठतोस का?” आणि तो म्हणायचा, “तू नाच गं, मी बघतो.” रागानं नाही, प्रेमानंच म्हणायचा. तेच तिला लागायचं. साऱ्या गावाच्या बायका नाचवल्या आणि आपल्या एका चुकीनं आपला माणूस बसला तो बसलाच, हे शल्य तिला होतं. मोझेलखेरीज कुणाला बोलली नाही एवढंच.

या वर्षी मार्चमध्ये रॉइस दर गुरुवारी दुपारी नाहीसा व्हायला लागला.

“कुठं चाललास?”

“जाळी बघायला.”

“बोट विकून दोन वर्षं झाली. कसली जाळी?”

“दुसऱ्याची,” म्हणाला आणि ट्रक काढून गेला.

नेल्डा काही संशय घेणाऱ्यातली नाही. पण तिसऱ्या गुरुवारी तो आंघोळ करून, केस विंचरून ‘जाळी बघायला’ निघाला, तेव्हा तिच्याही मनात पाल चुकचुकली. ती शंका मोझेलनं घालवली. शनिवारी नेल्डा केस कापायला बसली होती, तर मोझेल कात्री हातात धरून कानाशी वाकली.

“हलू नकोस, नाहीतर कान कापीन. माझ्या नणंदेनं तुझ्या नवऱ्याला तिकडं कॉनवे गावात बघितलं. त्या म्हाताऱ्या कॉझीकडं. नाच शिकतोय!”

“कोण?”

“तुझे वडील! अगं, रॉइस!”

नेल्डा आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, “अर्धे केस कापलेस, बाकीचे तरी काप.” लग्नाच्या वाढदिवसाला उठायचा बेत होता तर त्याचा! त्या रात्री तिला झोप लागेना. आनंद होताच, पण त्याहून मोठी धास्ती. तो उठेल, हात धरेल, आणि आपण पुन्हा त्याला ओढलं तर? या वयात पुन्हा हसं झालं तर हा माणूस मरेपर्यंत उठायचा नाही. म्हणजे आपल्याला बाईची पावलं यायला हवीत. आणि हातात फक्त तीन आठवडे.

मोझेलचा नवरा हार्लन निवृत्त पोस्टमन. साधा नाचतो, पण गरीब गाय. त्याच्या गॅरेजात शिकवणी सुरू झाली.

“अगं नेल्डा, मी अजून ठरवलंसुद्धा नाही आणि तू वळून मोकळी!”

“तू फार वेळ लावतोस, हार्लन.”

“तो वेळ माझा आहे, बाई!”

मोझेल खुर्चीत बसून हुकूम सोडायची. “काही करू नकोस. हात सांगेपर्यंत नुसती थांब.”

“थांबायचंसुद्धा शिकावं लागतं होय?”

“तुला लागतं!”

खरंच लागलं. जन्मभर गाडीचं चाक जिच्या हातात, तिला शेजारी गप्प बसणं म्हणजे शिक्षाच. घरी रॉइस नसताना ती फ्रीजची मूठ धरून सराव करायची. उजवा पाय, एक-नि-दोन, तीन-नि-चार, पाच, सहा. फ्रीजचं दार उघडलं तर समजायचं की ओढलं. पहिल्या आठवड्यात एवढ्या वेळा उघडलं की दूध नासलं. दुसऱ्या आठवड्यात कमी. तिसऱ्या आठवड्यात सलग पाच गाणी झाली तरी दार बंद. मोझेलनं तिला मिठी मारली. “जमलं गं! आता छप्पर कोसळलं तरी हलू नकोस.”

वाढदिवस नेमका रविवारीच आला. दुपारचे चार वाजले होते. पेलिकन भरलेला, आणि मोझेलच्या कृपेनं निम्म्या क्लबाला कुणकुण लागलेली. सॅक्सोफोनचं एक मधाळ गाणं लागलं. रॉइसनं ग्लास खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि लाकडी फरशीवर आला.

“येतेस?” एवढंच म्हणाला.

नेल्डा उठली. दोघं मधोमध जाऊन उभी राहिली. बाकीची जोडपी आपोआप कडेला सरकली. तिनं बाईसारखा उजवा हात पुढं केला. त्यानंही उजवाच दिला. घाबरलाय बिचारा, हात उलटा दिला, तिच्या मनात आलं. पण बोलायचं नाही. सुधारायचं नाही. ओढायचं तर मुळीच नाही. गुडघे सैल, उजवा पाय तयार, ती थांबली.

रॉइस हलला नाही.

सहा मात्रा गेल्या. आणखी सहा गेल्या. गायकाचं पहिलं कडवं संपलं. दोघं एकमेकांचा हात धरून, नव्या शेजाऱ्यांची ओळख करून दिल्यासारखी उभी. कडेला कुजबुज सुरू झाली. मोझेल डोळ्यांनी काहीतरी खुणावत होती. रॉइसच्या कपाळावर घाम आला, आणि नेल्डाला त्याची बोटं थोडी सैल झाल्यासारखी वाटली. आता हा सोडतो हात! छप्पर कोसळलं तरी हलणार नव्हती ती, पण बोलायला कुणी बंदी केली नव्हती.

“रॉइस,” ती पुटपुटली, “कधी निघायचं?”

“तू निघालीस की.”

“मी? पुरुष तू आहेस!”

“नाचात नाही,” तो म्हणाला. “मी बाईची पावलं शिकलोय. उजवा पाय. कॉझी सहा आठवडे हसतोय मला.”

“बाईची? अरे, पण का?”

“पुरुषाची तुला येतात की. एका घरात दोघांनी तेच शिकून काय करायचं?”

“अरे गाढवा!” नेल्डाला आवाज आवरेना. “मीही बाईचीच शिकले! फ्रीजबरोबर!”

हे सगळ्या क्लबानं ऐकलं. असा हशा उसळला की गाणं ऐकू येईना. रॉइसही हसला, पण हात सोडला नाही. तिला जवळ ओढून कानात बोलला, तेवढं मात्र तिनं एकटीनंच ऐकलं.

“एक्केचाळीस वर्षं मी या बायकांचा हेवा करतोय, नेल्डा. तुझ्या हातात हात देऊन कशा निर्धास्त असतात. मलाही तसंच नाचायचं होतं. पण बायकांच्या रांगेत उभं राहायचं कसं? लाज वाटली.”

“मला वाटलं, मी ओढलं त्याचा तुला राग आला.”

“तू बरोबर नेत होतीस. मीच सोडून पळालो.”

नेल्डाच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं मोकळ्या हातानं पुसलं. मग उजवा काढून डावा दिला. डावा पाय टाकला आणि बोटांनी अगदी हलकं सांगितलं, चल. रॉइस आला. बोटीवर उभा राहण्याची सवय असलेला माणूस, तोल पक्का. पहिलं वळण गोड घेतलं, दुसऱ्याला भलतीकडं गेला, तिसऱ्याला सगळा भार तिच्या बुटावर दिला. लोक हसले. तोही हसत होता, ओठांनी मात्रा मोजत होता, आणि नेल्डा त्याला सावकाश, मोठ्या वळणानं फिरवत होती.

गाणं संपलं. मोझेल आपला नंबर लावून पुढं आलीच होती. सवयीनं नेल्डाची बोटं सैल झाली, पुढच्या बाईसाठी.

रॉइसनं ती घट्ट धरली.

“कुठं निघालीस?” तो म्हणाला. “मला ते दुसरं वळण अजून जमलेलं नाही.”