सरांशी न जुळलेले चिन्ह

एम.एस्सी. झाल्यावर मी आटपाडीहून एसटीने सांगलीला, प्रा. यशवंत थोरवडे सरांच्या घरी पहिल्यांदा गेले. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. संशोधन कसे करतात हे विचारायला घरी कोणी नव्हते. सरांनी पाठकोरे कागद पुढे ठेवले. म्हणाले, "बस. चुकलीस तरी चालंल, पण बघून लिहायचं न्हाई."

सर मूळचे उंब्रजचे. निवृत्तीनंतरही त्यांची एक रीत कायम आहे: प्रत्येक गणित दोघांनी वेगवेगळे सोडवायचे आणि संपल्यावरच कागद शेजारी ठेवायचे. आमचा विषय कृष्णविवरांचा. कृष्णविवर मंद किरणोत्सर्ग करत झिजते. ते फार लहान झाले की गुरुत्वाकर्षणालाही क्वांटम नियम लावावे लागतात. मग ते पूर्ण विरते, की काही अवशेष उरतो? आमच्या गणितात हे एका पदाच्या चिन्हावर ठरत होते: धन आले तर अवशेष उरतो, ऋण आले तर काहीच उरत नाही.

माझे चिन्ह ऋण आले. सर फोन घ्यायला आत गेले, तेव्हा त्यांच्या कागदावर मला धन दिसले. सर कसे चुकतील? मी माझे चिन्ह खोडले. "अवशेष उरतो" असा शोधनिबंध दोघांच्या नावाने छापून आला. माझ्या वडिलांनी तो आटपाडीत भेटेल त्याला दाखवला.

वर्षभराने तेच गणित पुन्हा मांडले. ऋणच बरोबर होते. सांगितले तर माझा एकुलता एक निबंध जाणार होता, आणि पंच्याहत्तरीच्या अमृतमहोत्सवाच्या तोंडावर सरांनाही कमीपणा येणार होता. तीन दिवस मी गप्प राहिले. चौथ्या दिवशी खाडाखोडीसकट सगळे सांगितले.

सरांनी शांतपणे पडताळून पाहिले. मग मात्र ते रागावले. "माझं चुकलं, ते चुकलं. पण तू खोडलंस कशाला? मान मला दे पोरी, माझ्या चिन्हाला कशापायी?"

त्याच दिवशी त्यांनी निबंध मागे घेण्याचे पत्र लिहिले. त्यात दोष फक्त स्वतःचा घेतला होता. माझी खाडाखोड मी हट्टाने त्यात घालायला लावली. माझ्या वडिलांना फोनही सरांनीच केला.

"आवं सर, पोरीनं काय घोळ घातला म्हणं?" वडील घाबरले होते.

"घोळ दोघांचा. निस्तरला तिनं एकटीनं. लय खरी पोर हाय तुमची."

सरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघालेल्या या गौरवग्रंथात तो निबंध का नाही, हे मीच लिहावे, अशी सरांनी अट घातली होती. म्हणून हे लिहिले.

सर, आपणांस निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. पुढच्या पदाचे गणित आपण दोघांनी सुरू केले आहे आणि ते मोठे आहे. या वेळी उत्तरे जुळली नाहीत, तर मी माझे खोडणार नाही.