दोन्ही उजेडात दाखवा

परमेश्वराने या सृष्टीत प्रत्येक वस्तूची जोडी निर्माण केली ती केवळ आमच्या व्याह्यांना निवड करता यावी म्हणून, असे माझे दीर्घ निरीक्षणाअंती मत झाले आहे. माझ्या कन्येचे हे सासरे. आयुष्यभर गांधीबागेत त्यांनी कापडाचे दुकान चालवले आणि आता हुडकेश्वरला मुलासुनेबरोबर निवृत्तीचे दिवस काढीत आहेत. दुकान सुटले, पण दुकानाचा धर्म सुटला नाही. गिऱ्हाइकापुढे कापडाचे एक थान टाकले तर ते संशय घेते, तीन टाकले तर गोंधळते, म्हणून नेहमी दोनच टाकावीत, हा त्यांचा पहिला सिद्धान्त. विवाह ठरला तेव्हा मी मोठ्या निष्ठेने पंचांग पाहून एक उत्तम मुहूर्त काढून दिला. त्यांनी तो आदराने ऐकून घेतला आणि म्हणाले, "दुसरा दाखवा, शास्त्रीजी." याहून शुद्ध मुहूर्त त्या महिन्यात नाही, असे मी सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. "शुद्ध असन, मी नाही कुठं म्हंतो. पण एकच दाखवणं म्हंजे गिऱ्हाइकाले उभ्या उभ्या वापस लावणं होय." अखेर एक सुमार मुहूर्तही मला काढून द्यावा लागला. तो त्यांनी तत्काळ नाकारला आणि पहिला प्रसन्न चित्ताने स्वीकारला.

दुसरा सिद्धान्त असा की डोळ्यांवर विसंबू नये, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये वस्तू चोळून पाहावी. पोथीचे रेशमी बासन, पळसाच्या पत्रावळीचे पान, मंदिरात गळ्यात पडलेला हार, एवढेच काय, प्रथम भेटीत माझ्या खांद्यावरचे उपरणे, या सर्वांचे पोत त्यांनी असेच तपासले आहे. उपरण्याविषयी अभिप्राय मिळाला तो असा: "धुण्यानं गेलं हो हे." तिसरा सिद्धान्त उजेडाचा. दुकानातला दिवा दुकानदाराच्या बाजूने बोलतो, म्हणून माल नेहमी दाराबाहेर नेऊन पाहावा. आमच्याकडे प्रथम आले तेव्हा संत्र्याच्या बर्फीचा तुकडा घेऊन ते अंगणात गेले होते. माझी पत्नी ते दृश्य अद्याप विसरलेली नाही.

परंतु सर्वांत कठीण सिद्धान्त चौथा. माल आपल्या अंगावर धरून पाहू नये, दुसऱ्याच्या खांद्यावर टाकावा, चार पावले मागे सरावे आणि मग ठरवावे. आपल्या अंगावर सर्वच शोभते, असे ते म्हणतात. स्वतःचे दुकान सुटल्यावर एकदा विहीणबाईंसाठी लुगडे घ्यायचे होते. भर गांधीबागेत, दुकानाच्या पायरीवर, त्यांनी जांभळ्या काठांचे ते लुगडे माझ्या खांद्यावर पसरले आणि स्वतः मागे सरकत सरकत रस्त्याच्या मध्यभागी पोचले. ई-रिक्षावाला ओरडला, "ओ काका, मरून राहिले काय?" व्याही म्हणाले, "थांब गा, काठ पाहून राहिलो." त्याच वेळी माझा एक जुना विद्यार्थी समोरून आला. त्याने मला वाकून नमस्कार केला, लुगड्याकडे पाहिले आणि पुन्हा एकदा नमस्कार करून निघून गेला. गुरूविषयीची श्रद्धा किती सोशिक असते, याचा मला त्या दिवशी प्रत्यय आला.

अशा पुरुषाला स्मार्टफोन घ्यायची वेळ आली, ती मुक्तामुळे. मुक्ता ही आम्हा दोघांची एकुलती एक नात. शिक्षणासाठी ती जर्मनीला गेली आणि तिची भेट आता काचेतूनच व्हायची, हे निश्चित झाले. व्याह्यांजवळ तोवर बटणांचा फोन होता. मुलासुनेच्या फोनवर बोलावे, तर ती दोघे दिवसभर कामावर, आणि मुक्ताला सवड मिळायची ती नेमकी आपल्या दुपारची. त्यातच व्याह्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार जडलेला. गेलेली दृष्टी परत येणार नाही, उरलेली सांभाळावी, असे डॉक्टरांनी सांगितले होते. विहीणबाईंना ऐकू कमी येते, आणि कानात यंत्र घालायला त्या तयार नाहीत. किडा शिरल्यासारखे वाटते म्हणतात.

हुडकेश्वर रस्त्यावरच्या एका दुकानात आम्ही तिघे गेलो. मालकांनी अर्थातच एक फोन काढला, आणि अर्थातच त्यांना दुसराही काढावा लागला. पहिल्याचा पडदा थोर आणि तेजस्वी, चित्र असे की पापणीचे केस मोजावेत. आवाज मात्र क्षीण. दुसऱ्याचा आवाज देवळातल्या घंटेसारखा खणखणीत, चित्र बेताचे. व्याह्यांनी दोन्ही फोन चिमटीत धरून चोळले. "काका, कापड नव्हे ते," मालक कासावीस होऊन म्हणाले. "माहीत हाय गा मले. पण हात मानत नाही." मग दोन्ही हातांत दोन फोन घेऊन ते उन्हात निघाले, आणि मालक काउंटर ओलांडून त्यांच्यामागे धावले.

बाहेरून परतल्यावर पहिल्या फोनवर मुक्ताला लावून दिले. व्याह्यांनी आधी सवयीने तो कानाला लावला. तिकडे तिला आजोबांचा कान तेवढा दिसला असावा, कारण ती हसू लागली. मग त्यांनी फोन समोर धरला. "शास्त्रीजी," ते हळूच म्हणाले, "नाकातली चमकी दिसून राहिली पोरीची." कित्येक महिन्यांत त्यांना कोणाचा चेहरा इतका स्पष्ट दिसला नव्हता. शेजारी विहीणबाई कानामागे तळहात धरून वाकल्या होत्या. "काय म्हंते हो ते?" "जेवली का म्हंते." "कोन जेवली?" "तू वं, तू." असे संभाषण चालले. व्याह्यांच्या मुद्रेवरचा आनंद पाहून मालकांनी पहिल्याचे खोके उचललेसुद्धा.

मी म्हटले, "व्याहीबुवा, निर्णय झाला ना?"

"खांदा राहिला," ते म्हणाले.

त्यांनी दुसऱ्या फोनवर मुक्ताला पुन्हा लावायला सांगितले, तो विहीणबाईंच्या हाती दिला आणि आपण मागे सरत सरत थेट दारापर्यंत गेले. दुकानभर आवाज घुमला, "आजी, माझा आवाज येऊन राहिला का?" विहीणबाईंनी कोणाकडेही पाहिले नाही. "येऊन राहिला वं माय. तू काय खाल्लं ते सांग." मग भाजी, थंडी, खोलीतली मैत्रीण, असे काय काय त्या बोलत राहिल्या. इतक्या अंतरावरून व्याह्यांना बायकोचा चेहरा दिसणे शक्यच नव्हते. पण कानामागचा तिचा हात खाली येऊन मांडीवर विसावला, तेवढे त्यांना दिसले.

"हाच बांधा," ते मालकांना म्हणाले.

"काका, दोन्ही घेऊन टाका ना," मालकांनी सुचवले.

"दोन दाखवाचे असतात गा, घ्याचा एकच असते. दोन घेतले तर मुक्ताची आजी एका खोलीत बसन, मी दुसऱ्या."

मला राहवले नाही. "अहो, पण पहिल्यात तुम्हाला मुक्ता किती छान दिसत होती."

त्यांनी खोक्याचा पुठ्ठा चिमटीत चोळून पाहिला. "पोरगी मले पाठ हाय, शास्त्रीजी."

मी जन्मभर पाठांतर केले आणि करवून घेतले. पाठ असण्याचा हा अर्थ मला कोणी शिकवला नव्हता.

आता रविवारी मी हुडकेश्वरला जातो तेव्हा दिवाणावर दोघे खांद्याला खांदा लावून बसलेले असतात. बोलतात त्या, हे मधेच विचारतात, "आंगात काय हाय तिच्या?" "स्वेटर हाय, निळं." मग ते फोन डोळ्यांजवळ ओढतात आणि त्या निळ्या डागावर अंगठा फिरवतात. बहुतेक वेळा फोन कटतो. "कापला तुमी पुन्हा," विहीणबाई कातावतात. मुक्ताला हे ठाऊक झाले आहे. ती थोड्या वेळाने आपणच पुन्हा लावते. तोवर व्याही अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घाशीत, काळ्या पडलेल्या काचेकडे पाहत बसतात.

"लोकर जाड हाय," परवा ते मला म्हणाले. "थंडीले पुरन तिले."