आमचे व्याही आणि सुलभाचं छत

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत ज्या ज्या इमारतीला सपाट गच्ची आहे, तिच्यावर आमचे व्याही एकदा तरी उभे राहिलेले आहेत आणि तिच्याविषयी त्यांचं मत वाईट आहे, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. लोक माणसाची पारख त्याच्या बोलण्यावरून करतात, घरावरून करतात, फार तर पायातल्या वहाणांवरून करतात. व्याही ती त्याच्या डोक्यावरच्या स्लॅबवरून करत. मुलीसाठी स्थळ पाहायला म्हणून ते पहिल्यांदा आमच्या पार्ल्याच्या घरी आले, तेव्हा बशांतले पोहे निवत होते, माझा मुलगा नवा शर्ट घालून अवघडून बसला होता, आणि विहीणबाई एकट्याच "येतीलच ते इतक्यात" असं म्हणत कसनुसं हसत होत्या. व्याही जिन्यातूनच परस्पर गच्चीवर गेले होते. बऱ्याच वेळाने ते खाली आले, त्यांनी हात धुतले, मुलाला शिक्षण आणि नोकरी विचारली आणि मग माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "मुलगा चांगला आहे. टाकीच्या पायाशी मात्र भेग आहे. लग्नाआधी बुजवून घ्या." आम्ही ती बुजवून घेतली. न घेऊन करतो काय!

आयुष्यभर त्यांनी एका बांधकाम कंपनीत सुपरवायझरकी केली होती. बाकीच्यांना पाया महत्त्वाचा वाटतो, दर्शनी भाग महत्त्वाचा वाटतो. यांचा जीव अडकला तो सगळ्यात शेवटच्या थरात, जो बांधून झाल्यावर पुन्हा कोणी पाहायलाही जात नाही. हातात बाराही महिने छत्री असे, पण ती उघडलेली मी फारशी पाहिली नाही. ती ठोकून पाहण्यासाठी होती. छत्रीच्या टोकाने जमीन ठोकायची, मान तिरकी करून आवाज ऐकायचा आणि डॉक्टरने घरच्यांना बाहेर बोलावून सांगावं तशा स्वरात म्हणायचं, "आतून सुटलंय." पोरांच्या लग्नात कन्यादानाची वेळ झाली आणि वधूपिता सापडेना. सगळे हवालदिल. मला मात्र कुठे पाहायचं ते एव्हाना कळलं होतं. हॉलच्या गच्चीवर सोवळं नेसून, भर उन्हात, ते वाकून डांबराचे फुगे बोटाने दाबून पाहत होते. "अहो, मुहूर्त!" मी ओरडलो. "आलो," ते म्हणाले, "पण व्याही, लोकांना वाटतं गच्ची पावसाने फुटते. ती फुटते उन्हाने. दिवसा फुगते, रात्री आकसते, रोज थोडीथोडी फाटत जाते. पाऊस येऊन नुसती चुगली करतो." एवढं सांगून ते मुलीचं कन्यादान करायला खाली उतरले.

अशा माणसाला निवृत्तीनंतर कोणी काम दिलं नसतं तर तो आजारी पडला असता. काम आलं ते अंधेरी पूर्वेच्या एका औद्योगिक गाळ्यांच्या इमारतीचं. खाली स्क्रू, प्लॅस्टिकची बटणं, पंख्यांची पाती असं काय काय बनायचं, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर, गच्चीच्या थेट खाली, सुलभाचा वह्या बांधण्याचा गाळा होता. सुलभा मूळची कुडाळकडची. नवऱ्याची गिरणी बंद पडली आणि मागोमाग नवराही गेला. आसपासच्या चाळींतल्या बायका जमवून ती शाळेच्या वह्या शिवून घ्यायची. या धंद्याची खोड अशी, की कागदाचे गठ्ठे गाळ्यात येऊन पडतात ते नेमके शाळा उघडण्याच्या, म्हणजे पावसाच्या तोंडावर. आणि छताला तर जागोजागी पाझर.

गाळेवाल्यांनी बोलावलं म्हणून व्याही गेले आणि जाताना, पार्ल्याहून अंधेरी जवळच, म्हणून मलाही ओढून घेऊन गेले. सुलभाने कौतुक केलं नाही की तक्रार केली नाही. सरळ सांगितलं.

"काका, गेल्या वर्साक आमी गाळ्यात छत्र्यो उघडून शिवण केली. अवंदा कागद भिजलो तर मी गाळो बंद करून गावाक जातलंय. ह्या बायकांका काय सांगू, ता तुमीच सांगा."

व्याह्यांनी वर पाहिलं. हिरवट डाग, सुटलेला गिलावा, गंजून बाहेर आलेली सळई. मग त्यांनी शिवणाऱ्या बायकांकडे पाहिलं. त्या हात न थांबवता ऐकत होत्या.

"या पावसाळ्यात तुझ्या कागदावर एक थेंब पडणार नाही," ते म्हणाले.

जिना उतरताना मी म्हटलं, "एवढं छातीठोक कशाला बोललात? 'शक्यतो' म्हणून ठेवायचं."

"शक्यतो गळणार नाही, असं छत असतं का, व्याही?" त्यांनी विचारलं, आणि ते खरंच मला विचारत होते.

त्यानंतर त्यांच्या मुलुंडच्या घरी जे सुरू झालं, त्याला निवड म्हणतात हे मला पुढे कळलं. त्या वेळी ते घर प्रयोगशाळा वाटत होतं. गच्चीवर पुन्हा विटांच्या तुकड्यांचा जाड कोबा घालावा, असं गाळेवाल्यांचं म्हणणं होतं, कारण सगळे तेच घालतात. व्याह्यांनी ते एका वाक्यात मोडीत काढलं: आधीच थकलेल्या स्लॅबवर आणखी वजन द्यायचं नाही. जुन्या पद्धतीचा डांबरी फेल्ट मे महिन्यात पातळ होतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत पापडासारखा तडकतो. राहिल्या त्या नव्याने निघालेल्या तऱ्हेतऱ्हेच्या शीट. विक्रेते नमुने आणून देत आणि व्याही त्या नमुन्यांचे हाल करत. तुकडे दिवसा गॅलरीच्या पत्र्यावर भाजायला पडत, रात्री विहीणबाईंच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात जात. काही मिठाच्या पाण्यात बरणीत बुडवून ठेवले होते. लोणचं समजून आमच्या सौ.नी एकदा झाकण उघडलं आणि त्या घरात जेवायचं की नाही याचा पुढे बराच विचार केला. रबराची शीट त्यांना मनापासून आवडली होती, पण तिचा सांधा उन्हातून काढून ओढला की सुटायचा. "रबर गुणी आहे हो," ते हळहळून म्हणाले, "पण दोन तुकड्यांचं एकमेकांशी पटत नाही." एक टाय लावलेला विक्रेता अखेर वैतागून म्हणाला, "काका, तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय?"

"मेमध्ये वितळणार नाही आणि जुलैत उडणार नाही, असं काहीतरी. दोन्ही एकत्र असेल तरच चहा घ्या."

शेवटी त्यांनी एक जाड डांबरी शीट पसंत केली, आत विणलेली जाळी असलेली. ती आच देऊन चिकटवायची, सांधे एकावर एक रुंद चढवायचे, तेही पाणी ज्या बाजूला वाहतं तिकडे तोंड करून, आणि वरून ऊन परतवायला चंदेरी रंग द्यायचा. कडेला ती कठड्यावर वीतभर वर वळवायची, कारण पाणी आणि वारा आत घुसतात ते नेहमी कोपऱ्यातूनच. काम चालू असेपर्यंत व्याही रोज मुलुंडहून अंधेरीला येत. गच्चीच्या दाराशी चपला काढल्याशिवाय कोणाला आत पाऊल टाकू देत नसत. गाळेवाल्यांतला एक जण हसून म्हणाला, "काका, देऊळ आहे का हे?" व्याही म्हणाले, "देवळात चपलेला खडा चिकटून आला तर काही बिघडत नाही."

मग पाण्याची परीक्षा. पावसाच्या पाण्याचे नळ बोळे कोंबून बंद केले आणि ऐन पाणीटंचाईत टँकर मागवून सगळी गच्ची घोटाभर भरली. खालचे गाळेवाले "यार काका, आम्हाला प्यायला नाही आणि तुम्ही तळं करताय" म्हणून बोंबलत होते. वर तळं आणि खाली सुलभाच्या गाळ्यात मान वर करून व्याही. दिवसामागून दिवस गेले, छत कोरडं राहिलं. सुलभाने कागद मागवला. गठ्ठे छताच्या उंचीपर्यंत रचले गेले, आणि गाळेवाल्यांच्या मनात व्याह्यांविषयी एवढा आदर दाटून आला, की त्यातूनच पुढचा घोटाळा झाला.

गाळेवाले दरवर्षी खालच्या आवारात सत्यनारायण करत. या वर्षी ठरलं, पूजा नव्या गच्चीवर करायची आणि यजमान म्हणून काकांना बसवायचं. व्याह्यांनी एकच अट घातली: जमिनीला भोक पाडायचं नाही. मंडपवाल्याने ती पाळली. खांब रेतीच्या डब्यांत उभे केले, डब्यांखाली गोणपाट घातलं. आम्ही गेलो तेव्हा सगळं झकास सजलं होतं. व्याही सोवळं नेसून विहीणबाईंशी गाठ बांधून चौरंगापुढे बसले, गुरुजींनी कथा सुरू केली, आणि चौथ्या अध्यायात पश्चिमेकडून वळवाचा वारा सुटला.

मंडपाचं कापड फुगलं. व्याह्यांनी वर पाहिलं. कापडाकडून त्यांची नजर दोरीकडे गेली, दोरीवरून कठड्याकडे, आणि तिथे थांबली. मंडपाच्या दोऱ्या ताणायला कठड्यात खिळे ठोकले होते, चारी बाजूंनी, थेट त्या चंदेरी वळवलेल्या पट्टीतून. जमिनीला कुणी हात लावला नव्हता. प्रत्येक झोताबरोबर दोरी खिळ्याला हिसका देत होती आणि खिळ्याभोवती भोक मोठं होत होतं. त्या माणसाचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर पांढरा पडला. ते उठायला लागले तसे गुरुजी थांबले.

"यजमान, अध्याय चालू आहे. प्रसाद घेतल्याशिवाय उठता येणार नाही."

कथेत प्रसाद टाकून उठणाऱ्याचं काय होतं, ते जमलेल्या प्रत्येकाला पाठ होतं. आभाळ काळं होत आलं होतं. व्याह्यांनी मान वळवली. समोर बायकांत सुलभा बसली होती, सकाळपासून उपाशी, नवं लुगडं नेसून, हात जोडून. त्यांनी तिलाच विचारलं.

"सुलभा, खिळे तुझ्या छतात गेलेत. पाऊस येतोय. तू सांग, उठू का?"

तिने चौरंगाकडे पाहिलं. मी त्या बाईला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, "उठा, काका. देवाक काय ता मी सांगतंय."

व्याही उठले. "अहो, गाठ!" म्हणत विहीणबाईही ओढल्या गेल्या, आणि मग सोडवायला वेळ नाही हे पाहून त्या मुकाट त्यांच्याबरोबर निघाल्या. "खिळे उपसू नका!" व्याही ओरडत होते, "उपसलात तर वाट लागली! दोऱ्या कापा, आधी दोऱ्या कापा!" मंडप खाली आला. उरलेल्या शीटचे तुकडे निघाले, आच देण्याची बत्ती पेटली, आणि सोवळ्यातला तो म्हातारा एकेका खिळ्याचं डोकं ठोकून त्यावर ठिगळ डकवत कठड्याकठड्याने सरकू लागला. मागे विहीणबाई, उपरण्याला बांधलेल्या, हातात तुकडे घेऊन. एरवी मी पोट धरून हसलो असतो. तिकडे सुलभाने आणि तिच्या बायकांनी देवाचा चौरंग उचलून खाली गाळ्यात नेला. गुरुजीही कुरकुरत मागोमाग गेले. वर सगळेच धावपळीत. शेवटचा अध्याय कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये बसून बायकांनीच ऐकला.

शेवटचा कोपरा राहिला होता तेव्हा पाऊस आला. बत्ती विझली. व्याह्यांनी त्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात दाबून धरले आणि सर ओसरेपर्यंत तसेच बसून राहिले.

खाली आलो तेव्हा त्यांच्या अंगातून पाणी गळत होतं. दारातच त्यांनी विचारलं, "पडला?"

सुलभाला खोटं बोलता आलं असतं. तिने कोपऱ्यातला एक गठ्ठा दाखवला. वरच्या कागदावर ओला डाग होता.

"एक थेंब पडलो, काका."

व्याह्यांनी तिच्यापुढे हात जोडले. सगळ्यांसमोर. "मी जमीन म्हणालो, कठडा म्हणालो नाही. चूक माझी. तुला शब्द दिला होता."

"असा काय करतास, काका," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "वरचे दोन कागद भिजले. दोनच! बाकी सगळो गाळो सुको आसा, बघा तरी. मी खंय जाणंय नाय गावाक." आणि तिने त्यांच्या हातावर प्रसाद ठेवला. तो त्यांनी खाल्ला, पण त्यांचं समाधान झालं नाही.

तो कोपरा दुसऱ्या दिवशी पक्का झाला. त्यानंतर ते छत गळलं नाही. सुलभाचा धंदा वाढला, शेजारचा गाळाही तिने घेतला. पण जोराचा पाऊस लागला की व्याही मुलुंडहून बस बदलत अंधेरीला यायचे, त्या कोपऱ्याखाली स्टूल टाकायचे आणि वर पाहत बसायचे. भोवती बायका वह्या शिवत, गप्पा मारत, यांना चहा देत. सुलभा म्हणायची, "काका, आता गळणा नाय. जावा घराक." ते म्हणायचे, "गळत नाही म्हणून तर निवांत बसलोय." इतर इमारतींतून छत निवडून द्या म्हणून बोलावणी यायची, त्यांना सांगायचे, आधी माझा इथला एक पावसाळा पुरा होऊ द्या. तो पावसाळा त्यांच्या लेखी कधी पुरा झालाच नाही.

व्याही गेले ते एका मार्च महिन्यात, हॉस्पिटलच्या छताविषयी काही न बोलता. त्यावरूनच मी ओळखलं होतं, की आता काही खरं नाही. त्या वर्षी जुलैत पाऊस धो धो कोसळत होता आणि मी घरी नातवाला घेऊन बसलो होतो. मला काय वाटलं कोण जाणे, मी उठलो आणि अंधेरीला गेलो. सुलभाने मला पाहिलं आणि स्टूल कोपऱ्यात आणून ठेवलं. मी बसलो. बायका शिवत होत्या. वर आता गिलावा केलेलं, पांढरंशुभ्र, कोरडं छत होतं, आणि त्याच्यावर पाऊस नुसता कोसळत असल्याचा आवाज. मला त्यांची फार आठवण आली. पाऊस थांबेपर्यंत मी वर पाहत राहिलो. छताकडे नेमकं काय पाहायचं असतं, ते मात्र मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.