एक दशांश घोडा आणि दोन वाट्या चहा

आमच्या बाबांच्या मालकीचा एक दशांश रेसचा घोडा आहे.

उरलेले नऊ दशांश पनवेलच्या वडाळे तलावावर त्यांच्याबरोबर सकाळी फिरायला येणाऱ्या नऊ मित्रांचे. (कुठला भाग कोणाचा हे ठरलेलं नाही. पण घोडा हरला की प्रत्येक जण दुसऱ्याच्या पायाला दोष देतो!) घोड्याचं कागदोपत्री नाव 'गोल्डन व्हिसल', घरात मात्र सोन्या. आठ घोडे पळाले की सोन्या सातवा आणि नऊ पळाले की आठवा. बाबांचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. त्यांचं दुःख वेगळं होतं. रेसच्या छापील पुस्तकात मालक म्हणून पहिल्या तिघांची नावं येत आणि पुढे नुसतं 'आणि इतर'. पेण, अलिबाग, रोहा अशी सगळ्या गावांची नावं एसटी स्टँडच्या माइकवरून जन्मभर पुकारणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर 'इतर' व्हावं लागलं, हे त्यांना फार लागलं होतं.

शेवटी दहा जणांनी पाळी लावली. प्रत्येक शर्यतीला एकजण 'त्या दिवसाचा मालक'. घोडा जिंकला तर त्यानेच लगाम धरून त्याला मिरवत आणायचं, आणि माइकवरून नावही त्याचंच पुकारलं जाणार. बाबांची पाळी आली, तसा महिनाभर आधीपासून आमच्या गच्चीवर सराव सुरू झाला. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या एका टोकाला नव्या सफारीतले बाबा आणि दुसऱ्या टोकाला आई!

"मान जरा वर ठेव," बाबा म्हणायचे.

"माझी मान वर केली की दुखते. तुमच्या घोड्याला सांगा काय ते."

त्या रविवारी सकाळी आम्ही तिघं पनवेलहून निघून मुंबईला रेसकोर्सच्या तबेल्यात पोचलो. बाहेरच्या चहावर आईचा विश्वास नाही, म्हणून तिने थर्मास भरून घेतला होता. पेले मात्र घरी राहिले. तिने मला डब्यातल्या पसरट वाटीत चहा ओतून दिला. सोन्याचा सईस, म्हणजे त्याचं सगळं करणारा हिरामण, हा उलव्याकडचा. विमानतळात शेत गेल्यावर त्याच्या भावांनी डंपर घेतले, हा मात्र घोड्यांत रमला. त्याने आम्हाला एकच सूचना दिली.

"दादा, मी बादली घेऊन येतो. त्याच्या तोंडाशी काय नेऊ नका. आज रेस हाय."

(मला वाटलं, चावतो म्हणून सांगतोय.)

बाबा ट्रेनरसाहेबांना नमस्कार करायला गेले. आई शेजारच्या घोडीशी बोलायला गेली. उरलो मी आणि सोन्या. त्याने मान लांब केली, माझ्या वाटीत तोंड घातलं आणि एका दमात चहा संपवला! तो चावला नाही, याचाच मला इतका आनंद झाला की मी दुसरी वाटी भरून पुढे धरली. तीही संपवून त्याने माझ्या खांद्याला नाक पुसलं. मला अगदी भरून आलं. घरात माझ्याशी इतकं मनापासून कोणी वागत नाही.

हिरामण बादली घेऊन आला आणि सोन्याकडे बघतच राहिला.

"लय खुशीत हाय. काय दिलं नाय ना तुमी?"

"काय म्हणजे?"

"अवो, चहा, पेढा, काय पन. जिंकला की मूत तपासतात त्याचं. चहाचा अंश गावला तरी घोडा बाद, आन् पयला मी घरी. सईसावरच येतं सगलं."

मी तळोज्याच्या एका कारखान्यात लॅबमध्ये नमुने तपासतो. (भेसळ पकडणं हे माझं पोटापाण्याचं काम!) त्यामुळे लॅबच्या तावडीतून काही सुटत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मी मनाला समजावलं की तपासणी जिंकणाऱ्याची होते आणि आपला सोन्या सातवा येतो. ही शिस्त त्याने कधी मोडलेली नाही. आजही सातवाच येऊ दे, असं मी देवाला कळकळीने सांगितलं. माझं सांगून होतंय तोवर सोन्या जागच्या जागी नाचायला लागला!

"आज जिंकनार बगा," हिरामण म्हणाला. "असा कदी बगितला नाय मी त्याला."

तेवढ्यात बाबा आले. "ट्रेनरसाहेब म्हणाले, आज चान्स आहे. आपल्या नावाचा उच्चार मी माइकवाल्याकडून दोनदा करून घेतलाय."

एकीकडे बाबांचं नाव आणि दुसरीकडे हिरामणची नोकरी. खरं सांगतो, मी पाच मिनिटं गप्प बसलो, आणि त्या पाच मिनिटांची मला अजून लाज वाटते. हिरामण खाली बसून सोन्याच्या पायावर हात फिरवत होता. "जिंक रं बाबा," तो हळूच म्हणत होता, "पोरीला कालेजात सांगायला व्हईल." मग मात्र मला राहवेना.

"त्याला चहा मी पाजला," मी म्हणालो.

ट्रेनरसाहेब धावत आले. त्यांच्यामागून घोड्यांचे डॉक्टर आणि एक कारकून.

"किती?"

"दोन वाट्या."

"ब्लॅक टी?"

"दुधाचा. आलं, वेलची घालून."

"लिहून घ्या," डॉक्टर कारकुनाला म्हणाले. "उत्तेजक पदार्थ दिला."

"उत्तेजक?" आई थर्मास घेऊन पुढे झाली. "लग्नापासून आमचे हे हाच चहा पितायत. यांच्यात दिसतंय का तुम्हाला काही?"

यावर डॉक्टरांनी बाबांकडे नीट निरखून पाहिलं, मग थर्मासकडे पाहिलं. बाबा नुसते सफारीचं खालचं बटण लावत आणि काढत राहिले. तेवढं मला पुरलं.

हिरामणला कोणी बोल लावला नाही. सोन्या शर्यतीतून बाद झाला. माझा जबाब झाला आणि त्याखाली मी सरकारी कागदावर लिहितात तसं पूर्ण नाव लिहिलं. तासाभरात फळ्यावर नोटीस लागली. त्याच वेळी माइकवरून तीच वाचून दाखवण्यात आली. गोल्डन व्हिसल हा घोडा बाद, कारण संजय मधुकर काणेकर, राहणार पनवेल, यांनी घोड्यास चहा पाजला! हजारो लोक ऐकत होते. मी खाली मान घालून बाबा काय बोलतात याची वाट पाहत होतो.

बाबा मान किंचित तिरकी करून माइक ऐकत होते.

"उच्चार जमला त्याला," ते म्हणाले.

मग फळ्यापाशी जाऊन त्यांनी नोटीस बोट फिरवत दोनदा वाचली, सफारी खाली ओढली आणि शेजारी ताठ उभे राहिले. "काढ फोटो."

तो फोटो आज आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर आहे. फ्रेमवाल्याला समोर बसवून बाबांनी आत पुठ्ठा असा बेताने कापून घेतलाय, की येणाऱ्याजाणाऱ्याला सफारीतले बाबा आणि शेजारी 'मधुकर काणेकर' एवढंच दिसतं. मी आणि माझा चहा पुठ्ठ्याखाली आहोत!