मांडीवरचं बाळ

वंशावळ मंडळाची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरते. अध्यक्ष म्हणजे घड्याळकाका. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता लोकांचे पूर्वज जुळवून देतात. कुणी छाती फुगवून "आम्ही मूळचे राजघराण्यातले" म्हणालं, की काका चष्म्यावरून बघतात. "दोन पुरावे?" महाराज तिथेच पायउतार होतात.

काकांचा स्वतःचा तक्ता मात्र त्यांच्यापाशीच संपत होता. लग्न केलं नाही, भावंडं नाहीत, आईवडील केव्हाच गेले. दुसऱ्या कुणाला चुलत-मावस सापडले, की टाळ्या सगळ्यांत जोरात काकांच्या. मग घरी जाऊन पुन्हा आपलाच तक्ता उघडून बसायचे. एक तरी जिवंत नातेवाईक मिळावा, एवढंच त्यांना हवं होतं.

गेल्या सभेचा विषय होता 'अनोळखी चेहरे'. ज्यातला एक तरी माणूस आपल्याला ओळखता येत नाही, असा जुना फोटो प्रत्येकाने आणायचा. दोरी बांधून, कपड्यांचे चिमटे लावून फोटो टांगले. काकांच्या फोटोत त्यांचे पणजोबा खुर्चीत बसलेले, मांडीवर गुटगुटीत बाळ. आजोबांच्या ट्रंकेत, अगदी तळाशी सापडलेला फोटो.

"बाळ कुणाचं, देव जाणे. शेजाऱ्यांचं असेल," काका म्हणाले.

चष्म्याच्या दुकानवाली बाई फोटोसमोर थबकली. नवऱ्याच्या घराण्याचा तक्ता करायला ती नुकतीच मंडळात आली होती. काकांशी तिचं मुळीच पटायचं नाही. ती खिडकी उघडायची, काका लावायचे.

"शेजाऱ्यांचं? अहो, ते माझे बाबा आहेत!"

"दोन पुरावे?" काका सवयीने म्हणाले, पण तोवर फोटो चिमट्यातून सोडवून हातात घेतला होता.

"हा घ्या एक." तिने मोबाईल पुढे केला. तोच फोटो, तिच्या माहेरच्या भिंतीवर. "आणि हे माझ्या आजोबांचं नाव. ताडून बघा." तिने फळ्यावर नाव, माहेरचं आडनाव, जन्मगाव लिहिलं. तिन्ही गोष्टी काकांच्या तक्त्यात होत्या.

दोघांकडचं जुळवल्यावर उलगडलं: पणजोबांनी उतारवयात दुसरं लग्न केलं होतं. थोरला मुलगा, म्हणजे काकांचे आजोबा, रागाने घर सोडून गेला. पुढे त्याने तो विषयच काढला नाही. घरून आलेला हा फोटो मात्र फाडला नव्हता.

मंडळातल्या निवृत्त नर्सबाईंनी बोटांवर हिशेब केला. "हिचे वडील आणि काकांचे आजोबा सावत्र भाऊ. म्हणजे ही काकांची आत्या!"

खोलीत हशा उसळला. अडुसष्ट वर्षांचा भाचा आणि चाळिशीची आत्या!

"मग वडीलधारी म्हणून सांगते," ती म्हणाली, "खिडकी उघडी राहील."

"आत्या..." काका म्हणाले. डोळे पुसायला चष्मा काढला, तर रुमाल सापडेना. आत्याने आपला दिला.

"संध्याकाळी जेवायला या. या काय, ये!"

संध्याकाळी दार तिच्या सात वर्षांच्या मुलीने उघडलं.

"तुम्ही माझे नवे आजोबा का?"

"नाही गं. मी तुझा मामेभाऊ. दादा म्हण."

मुलीने त्यांचं टक्कल नीट निरखलं. "दादा? बरं. मग मला सायकल शिकव. आईला वेळच नसतो."

"अरे, पानं वाढलीयेत!" आत्या दारातून ओरडली. पण तिचा भाचा सायकलची सीट धरून, धापा टाकत, केव्हाच कोपऱ्यापर्यंत पोचला होता.