बाय लपली तेव्हा

जव्हार संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या पाड्यावर नगरकडची एक ख्रिस्ती बाई एकटीच राहायची; आम्ही तिला बाय म्हणायचो. येशूने सांगितलेली हरवलेल्या मेंढराची गोष्ट ती आम्हा पोरांना खेळातून सांगायची: शंभरातलं एक हरवलं, तरी राखणदार बाकीची सोडून त्या एकालाच शोधायला जातो. मेंढरं आम्ही पाहिली नव्हती, म्हणून ती शेळी म्हणायची. एक पोर शेळी होऊन लपायचं, बाकीची राखणदार होऊन शोधायची.

एकदा आम्ही तिलाच लपायला लावलं. तेवढ्यात आयांनी हाका मारल्या आणि सगळी घरी पळाली. भाकरी खाताना मला ती आठवली. धावत गेले, तर ती मोहाच्या झाडामागे तशीच बसलेली.

"बाय, खेळ कधीच संपला," मी म्हणाले.

"कळलं होतं गं. म्हटलं, कुणी येतं का बघावं."

तिने माझा हात धरला, तो आमच्या दारापर्यंत सोडला नाही.